रोहिणीची खुर्ची

"मी थांबतो," म्हातारा म्हणाला. "त्या पोरीचं होऊ दे."

"आजोबा, माझी खुर्ची रिकामी आहे. या ना इकडे."

"नको बाळ. तू हुशार दिसतीस. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. भिंतीजवळच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन, पलीकडच्या पार्टिशनमधून येणारा आवाज ऐकत. त्या आवाजाला मी पुरती कंटाळले होते. "मामा, तुमच्याकडं यंदा बोरं कशी आली? आ करा. अजून थोडं. आमच्या जतला तर पाखरांनीच संपवली. दुखलं व्हय? थांबते. सांगा मला, हात वर करा नुसता."

सांगलीच्या एका डेंटल कॉलेजात मी तेव्हा हायजिनिस्टचा कोर्स करत होते. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं काम. आम्ही मुलींनी लोकांच्या दातांवरचं कीटण काढायचं, हिरड्या साफ करायच्या, ब्रश कसा धरायचा ते शिकवायचं. शिकाऊ मुली असल्यामुळे आमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट आसपासच्या खेड्यांतले. एका लांब खोलीत पार्टिशनं घालून खुर्च्या मांडलेल्या. माझी खुर्ची खिडकीजवळ, तिच्या शेजारची रोहिणी गुरवची.

मी वर्गात पहिली होते. माझं काम झालं की दातावर बोट फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं लागायचं. रोहिणी दोन विषयांत नापास होऊन कशीबशी वर आलेली. ती उशिरा यायची, हत्यारं जंतुनाशकात बुडवायला विसरायची, एका पेशंटला माझ्या दुप्पट वेळ लावायची आणि तरीही मागच्या दाढेला कुठेतरी कीटण ठेवायचीच. पण लोक तिच्यासाठी बाकावर बसून राहायचे. माझी खुर्ची रिकामी दिसत असताना.

आमच्या विभागाच्या प्रमुख उपळेकर मॅडम. त्यांनी त्या वर्षी एक नवीनच सुरू केलं होतं. पेशंट बाहेर पडताना त्या स्वतः दाराशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "समाधान झालं का? परत याल का? कुणाकडे याल?" कोर्स संपल्यावर आमच्यातल्या एकीला विभागातच नोकरीवर ठेवून घेणार होते, आणि नाव रोहिणीचं किंवा माझं असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पेशंटना मॅडम विचारायच्या तेव्हा ते म्हणायचे, "झालं की. चांगलं केलं." रोहिणीचे पेशंट दारात उभे राहून बोलतच सुटायचे. एकीनं तर मॅडमच्याच हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली आणि सांगितलं, "त्या पोरीला द्या. मला जरा गडबड हाय."

मी रोज संध्याकाळी एसटीनं तासगावला घरी जायची. घरी आई आणि मी, दोघीच. वडील मी लहान असतानाच गेले. आईचं बाजारगल्लीत बांगड्यांचं दुकान होतं. आम्ही जातीनं कासार. आडनाव वेळापुरे, पण ते फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर. गावात आईला सगळे इंदू कासारीणच म्हणायचे. दिवसभर ती बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरायची, त्यांच्याशी बोलायची आणि हसू आलं की पदर तोंडावर घ्यायची. तिचे दात मिश्रीनं काळे झाले होते. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, रात्री निजताना, चिमटीत मिश्री घेऊन ती दातांना लावत बसायची आणि उरलेली डाव्या गालात धरून ठेवायची.

"आई, मी जगाचे दात घासते आणि तू हे असं. ये ना एकदा माझ्याकडे."

"बघू की."

"बघू काय? मिश्रीनं काय होतं ठाऊक आहे ना? आमच्याकडे फोटो लावलेत भिंतीवर. तुला आणून दाखवू?"

"जेव आधी."

मग मी जेवत जेवत रोहिणीबद्दल सांगायची. ती कशी काम सोडून गप्पा मारते, पेशंटच्या सुनांची नावं कशी लक्षात ठेवते, कुणाचं दुखलं तर स्वतःच कशी "आई गं" म्हणते. "लोकांना हेच लागतं," मी म्हणायची. आई भाकरी वाढायची आणि ऐकायची. कधी कधी विचारायची, "आणि मग?"

बुधवार होता. सकाळची गर्दी ओसरली होती आणि मी एका कॉलेजच्या मुलाचे दात संपवत आणले होते. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बाईचं हसणं, मोठं, खळाळून आलेलं. मी तसं हसणं त्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं, तरी आवाज ओळखला. माझा हात थांबला. "झालं का?" मुलानं विचारलं. "चूळ भर," म्हटलं, आणि पार्टिशनच्या कडेनं बघितलं.

रोहिणीच्या खुर्चीवर आई आडवी होती. ठेवणीतलं अंजिरी लुगडं, गळ्यात आमच्या दवाखान्याचा निळा कागदी रुमाल. तोंड उघडं. तोंडावर पदर नव्हता. रोहिणी तिला कुठल्यातरी म्हशीची गोष्ट सांगत होती आणि आई त्या काळ्या दातांसकट, छताच्या दिव्याकडे बघत हसत होती.

तिनं मला बघितलं. हसणं थांबलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मी परत माझ्या जागेवर गेले. त्या मुलाला पाठवलं. हत्यारं गोळा केली, मोजे काढले, दुसरे घातले. पुढचा पेशंट बोलवायचा होता. मी बोलावला नाही. पलीकडे रोहिणी म्हणत होती, "काकू, किती वर्षांची मिश्री ही? लग्नाच्या आधीची? मग लगीच कशी सुटंल! बसू निवांत. आ करा." थोड्या वेळानं तिचं बोलणं मधेच तुटलं. मग तिनं हाक मारली.

"शैला, जरा येतेस? इथं गालाच्या आत बघ ना. मला नीट कळेना."

मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि गेले.

"घाबरू नका हं काकू," रोहिणी आईला सांगत होती. "ही आमच्यातली सगळ्यात हुशार. हिनं बघितलं म्हणजे झालं."

आईचे डोळे मिटलेलेच होते. मी आरसा आत घातला. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या आईच्या तोंडात बघत होते. खालच्या दातांच्या मागं कीटणाचा थर, हिरड्या मागे सरकलेल्या. आणि डाव्या गालाच्या आतून, नेमकी मिश्री धरायची तिथं, एक पांढरा चट्टा. खरखरीत, कडेला किंचित लाल. मी कापसानं पुसून बघितला. गेला नाही.

"दुखतं का?" मी विचारलं. "तुम्हाला" म्हणावं की "तुला" ते ठरेना, म्हणून नुसतंच, दुखतं का.

आईनं मान हलवली. नाही.

"मॅडमना बोलव," मी रोहिणीला म्हटलं.

मॅडम आल्या, त्यांनी बराच वेळ बघितलं, बोटानं दाबून बघितलं. "याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," त्या आईला म्हणाल्या. "बहुतेक काळजीचं नसेल. पण बघायला हवं. पुढच्या आठवड्यात या." आईनं "बरं" म्हटलं. जणू कुणी एसटीची वेळ सांगितली होती.

दोन खुर्च्यांच्या मधे उभी राहून मी वाट बघत होते. आता ती म्हणेल, ही माझी लेक. किंवा मी म्हणेन. ती खुर्चीवरून उतरली, लुगडं नीट केलं, रोहिणीच्या दंडावर हात ठेवला आणि दाराकडे निघाली. मी चार पावलं मागं.

मॅडम दाराशी होत्याच. "समाधान झालं का, बाई?"

"झालं."

"परत कुणाकडे याल?"

"हिच्याकडंच." आईनं मान वळवून रोहिणीकडे बघितलं.

"आणि ती एखाद्या दिवशी नसली तर? ही शैला आहे. हीपण छान करते."

आईनं माझ्याकडे बघितलं. मास्क होता, पण डोळे उघडेच होते माझे.

"ह्या बाईंचं काम झकास असंल," ती म्हणाली. "पर मला हीच बरी. ही नसली तर मी माघारी जाईन, दुसऱ्या दिशी येईन."

मॅडमनी मान डोलावली. आई पायऱ्या उतरून गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि मीही तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले नाही.

संध्याकाळी मी थेट दुकानात गेले. ती दारावरचे बांगड्यांचे तोडे उतरवून आत ठेवत होती.

"मी कोण?" मी विचारलं. "ह्या बाई?"

"आत ये. रस्त्यावर नको."

"दोन वर्षं मी तुला म्हणतेय, चल माझ्याकडे…"

"म्हणत न्हवतीस. दम देत हुतीस."

"आणि त्या रोहिणीकडे गेलीस! तिला हत्यार धरता येत नाही नीट. मागचं कीटण तसंच ठेवलंय तिनं तुझं, मी बघितलं. कुणी सांगितलं तुला तिचं नाव?"

आईनं तोडा खाली ठेवला. "तूच की. रोज ताटावर बसलीस की रोहिणी असं करती, रोहिणी तसं करती. मला वाटलं, माझी लेक जिच्यावर एवढी जळती, तिच्यात कायतरी असंल."

"मी जळत नाही तिच्यावर."

"बरं."

मी गल्ल्याच्या स्टुलावर बसले. समोर काचेच्या बांगड्या रंगांप्रमाणे लावलेल्या. तोडा पुन्हा उचलत ती म्हणाली, "जिभेला लागत हुतं मला ते. दिवाळीपासनं."

"दिवाळीपासून? आणि मला बोलली नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर पहिलं काय म्हणली असतीस तू?"

सांगितलं होतं ना मिश्री सोड, असंच म्हटलं असतं; ते मला ठाऊक होतं, तिलाही.

"त्या पोरीपुढं माझं तोंड म्हंजे नुसतं तोंड हाय," आई म्हणाली. "तुझ्यापुढं ते तुझ्या आईचं तोंड हाय. तू असं बघतीस शैला, की मला वाटतं मी तुझं कायतरी चोरलंय. मला न्हाई जमत तुझ्यापुढं आ करून पडायला. जमलं असतं तर आली नसते का?"

"दाराशी मॅडम का विचारतात ते तुला माहीत आहे? नोकरी आहे त्याच्यावर माझी."

हे तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उतरला. "मला कुठं ठाव," ती म्हणाली. मग, "ठाव असतं तर खोटं बोलाय पायजे हुतं व्हय गं?"

आम्ही घरी गेलो. त्या दिवशी जेवताना मी कुणाबद्दलच काही सांगितलं नाही, आणि तिनंही "आणि मग?" विचारलं नाही. मला चट्ट्याची भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्याही वर डोळ्यांसमोर येत होतं ते तिचं आडवं पडून हसणं. आणि त्या हसण्यावर वाकलेली रोहिणी.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक सुरू व्हायच्या आधी मी मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, कालच्या त्या तासगावच्या बाई. त्यांचं उत्तर धरू नका."

"का?"

"ती माझी आई आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "मग ओळख का नाही दिलीस?"

"तिनं दिली नाही. आमचं घरातलं काहीतरी आहे, मॅडम. त्यावरून माझं काम ठरवू नये एवढंच. बाहेरच्या पेशंटचं धरा, आईचं नको."

त्या रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं.

"शैला, पेशंट तुझ्याबद्दल वाईट कधीच बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "काम तुझंच चांगलं आहे, ते मी वेगळं बघतेच. पण मी दाराशी का उभी राहते ठाऊक आहे? माणूस पुन्हा तोंड उघडायला येणार आहे का, ते कळावं म्हणून. एकदा केलेली सफाई चार महिन्यांत जाते. तो परत आला तर उपयोग." मग त्यांनी चष्मा घातला. "तुझी आई आहे म्हणतेस. मग तर तिचं उत्तर मला आधी धरायला हवं."

मी बाहेर आले. नोकरी गेली हे मला त्याच क्षणी कळलं. निकाल पुढं दोन महिन्यांनी लागला.

रोहिणी हात धुवायच्या बेसिनपाशी होती. "शैला, बरं झालं भेटलीस. त्या काकूंचा तुकडा काढायचाय ना, त्या मला हळूच म्हणाल्या, पोरी, तू असशील तरच येते. मी कधी बघितलं पण नाही गं ते. तू येतेस का बरोबर? मला जरा धीर…"

"ती माझी आई आहे."

पाणी वाहत राहिलं. मग तिनं नळ बंद केला.

"कोण?"

"तासगावच्या काकू. माझी आई."

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ती हळहळेल, हात धरेल, पेशंटशी बोलते तसं बोलेल. ती फट्‌दिशी म्हणाली, "म्हणजे तू आईला पाठवलंस व्हय? मी काय चुकते ते बघायला?"

"मी पाठवलं नाही! मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मग उभी राहून बघत होतीस ते? मी म्हशीची गोष्ट सांगत होते, तू ऐकत होतीस आणि मनातनं हसत होतीस. तू रोज हसतेस. मला काय कळत नाही?"

"मी हसत नाही. तुझ्याकडे लोक येतात, माझ्याकडे येत नाहीत. मी कशाला हसू?"

"लोक येतात!" ती ओल्या हातांकडे बघत म्हणाली. "मॅडम सगळ्यांसमोर तुझ्या पेशंटचे दात दाखवतात, बघा, असं पायजे. माझे कधी दाखवलेत? मी का बोलत बसते ठाऊक आहे तुला? माझा हात थरथरतो. पहिल्या दिवसापासनं. हत्यार हिरडीपाशी गेलं की थरथरतो. बोलत राहिलं की पेशंटचं ध्यान जातं, आणि माझं पण. तुझ्यासारखा हात असता तर मी तोंडातनं शब्द काढला नसता."

तिनं हात पुढं केले. आत्ता ते थरथरत नव्हते, पण तिला ते दाखवायचं होतं आणि मी बघितलं. तिनं ते कोटाला पुसले. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू येऊ नकोस मग. काकूंना बरं वाटणार नाही."

माझ्याच आईबद्दल ती मला हे सांगत होती. आणि ते बरोबर होतं.

तरी मी गेले. आईबरोबर तासगावहून एकाच एसटीत, एकाच बाकावर. कॉलेजात तुकडा काढायच्या खोलीच्या दाराशी रोहिणी उभी होती. आईनं माझ्या हातातली तिची पिशवी काढून घेतली नाही, उलट स्वतःच्या चपलाही काढून माझ्यापुढे ठेवल्या. "तू हितंच बस, शैला," ती म्हणाली, आणि रोहिणीचा हात धरून आत गेली.

मी बाकावर बसले. दारावर वरच्या बाजूला दुधी काच होती, तिच्यातून फक्त दिव्याचा उजेड दिसत होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, भूल देतोय, टोचेल. मग रोहिणीचा. ती काय सांगत होती ते ऐकू येत नव्हतं, फक्त ती थांबत नव्हती एवढं कळत होतं. मी उठून दारापाशी गेले. दाराला हात लावला. माझं शिक्षण होतं, माझ्या अंगावर पांढरा कोट होता, मला कुणी अडवलं नसतं. पिशवी माझ्या हातात होती आणि चपला बाकाखाली होत्या. मी परत येऊन बसले. त्या बाकावर बसून मी रोहिणीचा जेवढा मत्सर केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. तिला नोकरी मिळेल म्हणून नाही. आत कुणाचा तरी हात आई घट्ट दाबत असणार, आणि तो माझा नव्हता.

दार उघडलं तेव्हा आईच्या गालात कापूस होता आणि बोलता येत नव्हतं. रोहिणीच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. अशीच काही वर्षं गेली असती तर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. चट्टा काढून टाकला. मिश्री बंद, कायमची, आणि दर काही महिन्यांनी येऊन तोंड दाखवायचं.

मिश्री सोडणं सोपं नव्हतं. आईचं डोकं दुखायचं, शौचाला साफ व्हायचं नाही, गिऱ्हाइकांवर खेकसायची. एकदा तर बांगडी भरताना एका नव्या नवरीच्या हातात तीन बांगड्या पिचल्या. मी म्हणायची, "लवंग धर तोंडात," तर ती तोंड फिरवायची. मग गल्लीच्या टोकाच्या फोनच्या बूथमध्ये जायची आणि रोहिणीच्या होस्टेलला फोन करायची. परत आली की मुकाट्यानं लवंग धरायची. "रोहिणी म्हणली लवंग धर," ती सांगायची. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईनं जन्माची सवय दुसरीच्या शब्दावर सोडली. मला आनंद झाला होता. त्या आनंदाला काटा होता, तो मी कुणाला दाखवला नाही.

नोकरी रोहिणीला मिळाली. मी कराडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागले, तिथंच लग्न झालं, तिथंच राहिले. माझं काम चांगलं आहे असं अजून सगळे म्हणतात. आई तासगावातच राहिली. ठरल्या वेळी ती सांगलीची एसटी पकडायची, रोहिणीच्या खुर्चीवर बसायची, परत यायची आणि मग मला फोन करायची. "झालं. साफ हाय म्हणली."

एका वर्षी रोहिणी बाळंत झाली आणि लांब रजेवर गेली. आईची तपासणीची वेळ येऊन गेली. मी फोनवर म्हटलं, "दुसऱ्या कुणालाही दाखव." आई म्हणाली, "थांबते मी." आणखी एक महिना गेला. मी तासगावला गेले, तिला समोर बसवलं, म्हटलं, "आई, ह्यात थांबायचं नसतं. मी बघते."

"तू नको."

इतक्या वर्षांनी, तेवढंच सरळ.

मग मी रोहिणीला फोन केला. मी तिला स्वतःहून केलेला तो पहिलाच. ती म्हणाली, "काकूंना घरी घेऊन ये. बाळाला टाकून मला निघता येत नाही."

सांगलीतच तिच्या सासरचं घर होतं, पुढं छोटा व्हरांडा. दुपार होती. रोहिणी जाड झाली होती, केस कसेतरी बांधलेले. तिनं आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि बाळ माझ्या हातात दिलं. बाळानं मला एकदा बघितलं आणि रडायला सुरुवात केली. रोहिणीनं हात धुतले, विजेरी आणली. "काकू, दुकानात गर्दी काय म्हणते? आ करा. लग्नसराईचा माल भरला का?" आई आ करून "अं अं" करत उत्तरं देत होती. मी बाळाला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होते आणि त्या दोघींकडे बघत होते. रोहिणीचा हात आईच्या हनुवटीखाली होता. थरथरत होता का ते लांबून दिसलं नाही.

"साफ आहे," रोहिणी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "शैला, तूपण एकदा बघ. दोघींनी बघितलेलं बरं."

आईनं तोंड मिटलं. बाळ तेवढं रडत होतं.

"बघू दे तिला, काकू," रोहिणी हळूच म्हणाली. आणि मला, तितक्याच हळू, "काही बोलू नको हं."

तिनं बाळ घेतलं, विजेरी माझ्या हातात दिली. मी आईसमोर गुडघ्यावर बसले. आईनं माझ्या डोक्यावरून पलीकडे, कुंपणावरच्या वेलाकडे नजर लावली आणि तोंड उघडलं. गालाचं आतलं कातडं गुलाबी होतं, जुन्या टाक्याची बारीक पांढरी रेघ, बाकी काही नाही. खालच्या दातांच्या मागं कीटण साचलं होतं. ब्रश तिथं पोचत नव्हता, ती तो चुकीचा धरत असणार. ते सांगायला माझी जीभ टाळूला लागलीसुद्धा. मी विजेरी बंद केली.

आईनं तोंड मिटलं, पदरानं ओठ टिपले आणि माझ्याकडे न बघता रोहिणीला विचारलं, "काय म्हणली गं ही?"

"चांगलं आहे म्हणाली," रोहिणीनं सांगितलं.

मी काहीच म्हणाले नव्हते.